कर्ण्याला पडलेली घडी

माझे अब्बा धुळ्यातल्या एका बँडमध्ये तीस-बत्तीस वर्षं बाजा वाजवत आले. बाजा म्हणजे युफोनियम. मांडीवर घेतलं की हनुवटीच्याही वर जाणारं, पितळी नळ्यांच्या वेटोळ्यांचं आणि परातीसारखा रुंद कर्णा असलेलं ते वाद्य. मिरवणुकीत लोकांच्या लक्षात राहतो तो पुढे चालणारा ट्रम्पेटवाला. बाजा मागच्या रांगेत असतो आणि गाण्याची खालची बाजू धरून ठेवतो. अब्बा म्हणायचे, "माझ्याकडे कोणी बघत नाही. मी थांबलो की मात्र सगळे वळून बघतात."

आमच्या घरात हिंदी, मराठी आणि अहिराणी अशी तिन्हींची मिसळ चालते. इथे मी ती बहुतेक मराठीतच लिहिते आहे. शाळा, डिप्लोमा आणि नंतरची पदवी, माझं सगळं शिक्षण मराठी मुलींबरोबरच झालं. आता मी जळगावातल्या एका तंत्रनिकेतनात धातू आणि त्यांचे गुणधर्म हा विषय शिकवते. शनिवारी दुपारी बस धरून धुळ्याला जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, असं माझं चाललेलं असतं.

ही गोष्ट तीनेक वर्षांपूर्वीची. दोंडाईच्याला दुपारचं लग्न होतं. मिरवणूक मंडपाच्या अलीकडे थांबली होती, कारण नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबत नव्हते. ऊन मी म्हणत होतं. अब्बांनी बाजा रस्त्याकडेला एका ओट्याला आडवा टेकवला आणि ते पाणी प्यायला गेले. मिरवणुकीच्या मागे जनरेटर ठेवलेली ट्रॉली आणि तिचा ट्रॅक्टर होता. गर्दीला वाट द्यायला कोणीतरी ड्रायव्हरला मागे घे म्हणाला. त्याने मागे घेतलं. लोक ओरडले तेव्हा तो थांबला, पण तोवर ट्रॉलीचं चाक कर्ण्याच्या कडेवर चढलं होतं.

अब्बा हातात पाण्याचा ग्लास घेऊन आले, तर अर्धा कर्णा चपातीसारखा दुमडलेला. मधून एक सरळ घडी गेलेली. कर्ण्याखालची मोठी नळीही दोन ठिकाणी आत गेली होती. नवरीचे काका धावत आले. त्यांनी आधी अब्बांचे हात बघितले.

"भाऊ, तुम्हले लागनं नही ना?"

"मला काही नाही झालं," अब्बा म्हणाले.

ड्रायव्हर रडवेला झाला होता. अब्बा त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी बाजा उचलला, नेहमीसारखा खांद्याशी धरला आणि मागच्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले. बँड सुरू झाला. मंडपापर्यंत अब्बा सगळ्यांबरोबर पावलं टाकत चालले, न वाजवता. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या चाचांनी मला हे नंतर सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

घरी आल्यावर अब्बांनी बाजा अम्मीच्या जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. चार दिवसांनी बँडच्या मास्तरांचा निरोप आला, बाजा नीट होईतोवर झांजा वाजवा. अब्बांनी नकार दिला. मास्तर स्वतः आले आणि म्हणाले, नवा बाजा मागवू. अब्बांनी त्यालाही नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "नव्या बाज्याची ओठांशी ओळख व्हायला वर्ष जातं. आणि आता वर्षाला लग्नं किती राहिलीत बँडची? सगळीकडे डीजे." मास्तर चहा पिऊन गेले.

मला फोनवर अम्मी एवढंच म्हणाली, "हे आता दुपारचे झोपतात."

अब्बा दुपारी कधी झोपत नसत. दुपारी ते दार लावून सराव करायचे. लग्नसराई नसली तरी करायचे, कारण ओठ आठवडाभर मोकळे राहिले तरी सैल पडतात म्हणायचे. त्या शनिवारी मी घरी गेले आणि कपाटावरचं गाठोडं खाली काढलं.

"मी नेते हा जळगावला," मी म्हटलं. "आमच्या वर्कशॉपमध्ये सरळ करून आणते."

अब्बा पेपर वाचत होते. "सरळ होईल?"

"धातूच तर आहे. मी हेच शिकवते, अब्बा."

त्यांनी पेपर खाली केला नाही, पण नेऊ नकोसही म्हणाले नाहीत.

मी खरोखरच तेच शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात मी एक तार घेऊन जाते. ती थोडी वाकवून सोडते, तार पुन्हा सरळ होते. मग जास्त वाकवते आणि सोडते. या वेळी ती जराशी मागे येते आणि तिथेच वाकडी राहते. मुलांना सांगते, ताण काढून घेतला तरी जो आकार राहून जातो तो कायमचा. आतले कण एकमेकांवरून सरकलेले असतात आणि ते आपणहून जुन्या जागी जात नाहीत. मग तीच तार मी त्याच जागी उलटी वाकवायला एखाद्या मुलीला देते. तिला जास्त जोर लावावा लागतो. वाकलेली जागा आता आधीपेक्षा कडक झालेली असते. असं पाच-सहा वेळा केलं की तार तुटते. हे व्हायचं नसेल तर मध्ये तार तापवायची, म्हणजे ती पुन्हा मऊ होते. हा सगळा धडा मी झोपेतही सांगू शकेन.

या वेळी सोमवारची वाट न बघता मी रविवारी सकाळीच परतले आणि परवानगी काढून वर्कशॉप उघडून घेतलं. मोठ्या नळीतले पोचे आधी घेतले. लाकडाचा गोल दांडा आत घालून, फिरवत फिरवत, हलक्या हाताने दाबत गेले. पोचे बऱ्यापैकी निघाले. माझी हिंमत वाढली. मग कर्ण्याकडे वळले. घडी उघडायची तर पितळ आधी तापवून मऊ करायला हवं होतं. पण कर्णा खालच्या नळ्यांना कच्च्या डागाने, म्हणजे शिशा-कथलाच्या झाळणीने जोडलेला होता. तापवला तर ते सगळे जोड सुटून नळ्या हातात आल्या असत्या. ते पुन्हा जोडणं मला जमेल याची खात्री नव्हती. मला अब्बांना पुढच्या शनिवारी बाजा नेऊन द्यायचा होता. मी ठरवलं, थंडच उघडू, हळूहळू.

अर्धी घडी उघडली. छान उघडली. मग रबरी हातोडीचा एक फटका मारला आणि सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला. कर्ण्याच्या काठापासून आतपर्यंत बोटभर चीर गेली होती.

मी स्टुलावर बसले. बराच वेळ तशीच बसून राहिले. चूक काय झाली हे शोधायचंही नव्हतं. एकदा दुमडून कडक झालेलं पितळ मी न तापवता उलटं वाकवलं होतं. परीक्षेत एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

पुढच्या शनिवारी बाजा घेऊन घरी गेले. बसमध्ये तो मांडीवर घेतला होता आणि शेजारच्या बाई विचारत होत्या, काय आहे, हंडा का? मी हो म्हणाले.

अब्बांनी चादर सोडली. चिरेवरून बोट फिरवलं.

"फाटला?"

"हो."

"चाकाने की तू?"

"मी. आणि असं होऊ शकतं हे मला माहीत होतं."

"माहीत होतं तर का केलंस?"

"तुम्ही दुपारचे झोपता म्हणून," मी म्हटलं. दुसरं खरं कारण माझ्याकडे नव्हतं.

अब्बा उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. अम्मीला चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "भडगावला एक अक्का आहेत. तांबटाच्या घरातल्या. त्यांचे मालक होते तेव्हा आमच्या उस्तादांचा बाजा त्यांनी नीट केला होता. आता अक्काच काम करतात असं ऐकलंय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

अब्बांनी चादर पुन्हा बाज्यावर ओढली. "आधी मला तो नीट व्हावा असं वाटतच नव्हतं. वाटलं, बरं झालं, सुटलो. आता तुझ्या हातून फाटला तर मला वाईट वाटतंय. म्हणजे अजून सुटलो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. पारोळ्याला बस बदलली. भडगावात उतरल्यावर अब्बांनी दोन ठिकाणी विचारलं आणि गिरणा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडपाशी आम्ही पोचलो. आत सत्तरीच्या एक बाई पाटावर बसून पितळी घागरीचं बूड ठोकत होत्या. नऊवारी, डोळ्यांना जाड चष्मा, आणि मनगटं माझ्या दुप्पट. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, हातातलं काम पुरं केलं आणि मग बाजा मांडीवर घेतला.

"हाई काय करी टाकं?" म्हणजे हे काय करून ठेवलंय, असं त्यांनी विचारलं. पुढचं बोलणं त्या माझ्यासाठी मराठीकडे झुकवून बोलल्या. "घडी गाडीची आहे. चीर कोणाची?"

"माझी, अक्का."

"थंडंच ठोकलं?"

"हो. तापवलं तर डाग सुटतील अशी भीती वाटली."

"मग सोडायचे ना आधी. डाग काय, पुन्हा लावता येतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय करतेस तू?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण अब्बा मध्येच म्हणाले, "कॉलेजात धातू शिकवते." त्यांच्या आवाजात अभिमान होता, त्यामुळे मला आणखीच लाज वाटली.

अक्का हसल्या नाहीत. "मग चांगलं आहे," म्हणाल्या. "का फाटलं ते तुला सांगावं लागणार नाही. मोगरी घे हातात."

त्या दिवशी आणि पुढचे तीन रविवार आम्ही भडगावला गेलो. अक्कांनी पहिल्या दिवशी सगळे कच्चे डाग तापवून सोडवले आणि कर्णा वेगळा केला. वेगळा झालेला कर्णा बघून अब्बा बाहेर जाऊन उभे राहिले. मग चिरेच्या टोकाला अक्कांनी बारीक भोक पाडलं. मी ओळखलं, चीर पुढे पळू नये म्हणून. पुस्तकात याचं कारण अर्ध्या पानाचं आहे. अक्का म्हणाल्या, "तिला थांबायला जागा लागते."

मग तापवणं. त्यांनी शेडचं दार लोटून घेतलं, कारण उजेडात पितळेचा रंग कळत नाही. भट्टीवर कर्णा फिरवत राहिल्या. अंधारात तो आधी नुसता काळपट दिसत होता, मग एका बाजूने जेमतेम लाली आली. ती दिसली न दिसली तोच त्यांनी तो बाहेर काढला. "याच्या पुढे गेलं तर ढासळतं," म्हणाल्या. निवल्यावर त्यांनी घडीवर अंगठा दाबला आणि मला दाबायला लावला. आठवडाभरापूर्वी हातोडीला न जुमानणारं पितळ अंगठ्याखाली सरकत होतं. मी वीस वेळा हे वर्गात सांगितलं होतं. बोटांनी कधी बघितलं नव्हतं.

जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर कर्णा उलटा घालून मी लाकडी मोगरीने ठोकायला लागले. पन्नास-साठ ठोके झाले की अक्का हात अडवायच्या.

"आवाज ऐक. बदलला ना?"

सुरुवातीला मला काही कळत नव्हतं. अब्बांना मात्र कळत होतं. ते कोपऱ्यात बसून होते, तिथूनच म्हणाले, "चढला. अर्धा सूर चढला असेल."

अक्कांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "भाऊ, तुमचा कान कामाचा आहे. इकडे या."

तेव्हापासून मोगरी अब्बांच्या हातात गेली. पितळ कडक होत आलं की ठोक्याचा आवाज चढतो, आणि अब्बा तो बरोबर ओळखून थांबायचे. मग पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. असं चार वेळा झालं. चिरेवर आतून पितळी पट्टी पक्क्या डागाने, म्हणजे जास्त तापवून लावायच्या मजबूत झाळणीने, बसवली. तिसऱ्या रविवारी कर्णा गोल झाला. घडीची रेघ मात्र गेली नाही. तिरप्या उजेडात धरलं की केसासारखी दिसायची.

"ही जाईल का, अक्का?" मी विचारलं.

"कशाला जाईल? वाकलेलं मागे येत नसतं गं. आपण ते दुसऱ्या बाजूने पुन्हा वाकवलं, एवढंच. दोन्ही खुणा राहतील."

मला वाटलं काम संपलं. पण अक्कांनी एक छोटी गुळगुळीत हातोडी काढली आणि सगळ्या कर्ण्यावर बारीक, एकसारखे ठोके मारायला घेतले. शेवटच्या तापवण्याने पितळ मऊ पडलेलं होतं. तसंच सोडलं असतं तर बोटाने दाबलं तरी पोचा पडला असता. घागरीवर, तांब्यावर जे ठोके दिसतात ते शोभेचे असं मी लहानपणापासून समजत होते. भांडं त्या ठोक्यांनीच ताठ उभं राहतं, हे अक्कांनी मला त्या दिवशी सांगितलं. त्यामागचं सगळं गणित मला येत होतं, फक्त ते आमच्या स्वयंपाकघरातल्या तांब्याशी मी कधी जोडलं नव्हतं.

चौथ्या रविवारी नळ्या पुन्हा जोडल्या. अब्बांनी ओठांना लावायची वाटी, म्हणजे माउथपीस, धुऊन बसवली, पाय जमिनीवर नीट टेकवले आणि फुंकलं. नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा फुंकलं तर म्हशीने हंबरावं तसा सूर निघाला. दीड-दोन महिने ओठ मोकळे होते. अब्बांच्या कपाळावर घाम आला. मी बाहेर जायला उठले, त्यांना एकटं असावं असं वाटेल म्हणून. अक्कांनी हाताने खाली बसवलं.

"बस गं. आम्ही काय गाणं ऐकायला बसलो नाही. डाग तपासतोय."

अब्बा हसले. मग त्यांनी एक लांब, साधा सूर धरला. तो कापत होता, पण निघत होता. खालच्या एका सुराला कर्णा झणझणायचा. अक्कांनी कान लावला, पट्टीची एक कड सुटी राहिलेली त्यांना सापडली. तिथे डागाचा एक थेंब दिला. झणझण गेली. अब्बांनी तोच सूर चार-पाच वेळा वाजवला. म्हणाले, "आवाज थोडा भारी झालाय पहिल्यापेक्षा."

"वाईट?" मी विचारलं.

"नाही. वेगळा. सवय करून घेईन."

निघताना अक्का अम्मीसाठी पेरू देत म्हणाल्या, "बठ्ठं ठीक व्हई जाई, भाऊ. रोज फुंका." सगळं ठीक होईल, हे त्यांनी बाज्याबद्दल म्हटलं की ओठांबद्दल, ते अब्बांनी विचारलं नाही.

अब्बांनी दीड महिना दुपारी दार लावून सराव केला. मग रावेरकडच्या एका केळीवाल्या घरचं लग्न आलं. मुलीच्या आजोबांनी हट्ट धरला होता की डीजे नको, बँडच पाहिजे. मास्तरांनी अब्बांना विचारलं आणि अब्बा गेले. मीही जळगावहून बसने गेले. केळीच्या बागांमधल्या रस्त्याने संध्याकाळच्या उन्हात मिरवणूक येत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या ट्रम्पेटकडे न बघता मागची रांग ऐकत उभी होते. अब्बा दोन ठिकाणी चुकले. क्लॅरिनेटवाल्या चाचांनी त्यांच्याकडे बघून भुवई उडवली आणि अब्बांनी वाजवता वाजवताच मान डोलावली. आजोबांनी बाज्यापाशी येऊन आपली टोपी सारखी केली आणि नाचायला लागले.

पुढे जे झालं ते आमच्यापैकी कोणी ठरवलं नव्हतं. मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या एका बँडचा ट्रम्पेटवाला अब्बांकडे आला. त्याच्या ट्रम्पेटची नळी चेपली होती. हा कर्णा कुठे नीट केला, त्याने विचारलं. पुढच्या रविवारी अब्बा ते ट्रम्पेट घेऊन एकटेच भडगावला गेले. महिन्याभरात तीन वाद्यं झाली. खानदेशात बँड अजून बरेच आहेत आणि पोचे काढणारा हाताशी कोणीच नव्हता. वाद्यं लांब पाठवायची, ती यायला सराई निघून जायची.

अक्कांची मुलं पुण्या-नाशिकला आहेत, त्यांना या कामात रस नाही. साठी ओलांडलेला शिष्य मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अब्बा शेडमध्ये ठोकतात आणि अक्का पाटावर बसून चुका काढतात. अब्बांना रंगाचा अंदाज अजून पक्का आलेला नाही. अक्कांची नजर आता कमी झाली आहे, तरी लाली त्यांनाच आधी दिसते. आवाजाचं मात्र त्या अब्बांवर सोडतात. गेल्या वर्षी मी माझ्या वर्गाला भडगावला घेऊन गेले. मुलामुलींनी अंगठ्याने पितळ दाबून बघितलं. एका मुलीने अक्कांना विचारलं, तापमान किती असतं? अक्का म्हणाल्या, तुझ्या बाईंना विचार, मी आकडा कधी बघितला नाही. मी आकडा सांगितला. अक्कांनी तो दोनदा म्हणून घेतला.

लग्नसराईत अब्बा अजून वाजवतात, पूर्वीपेक्षा कमी. बाकी दिवसांत आमच्या ओट्यावर कोणाचं ना कोणाचं वाद्य पडलेलं असतं. सध्या शिरपूरचं एक सॅक्सोफोन आहे आणि अम्मीची तक्रार आहे की तिला पापड वाळवायला जागा उरलेली नाही.

अक्कांनी अब्बांचा बाजा शेडमध्येच ऐकला आहे, मिरवणुकीत कधी नाही. येत्या रविवारी धुळ्यात आमच्याच गल्लीत एक लग्न आहे. अब्बांनी त्यांना फोन करून बोलावलं. बसने एवढ्या लांब यायला गुडघे दुखतात, असं त्या आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, खिडकीची जागा मिळाली तर येते. मी शनिवारी जळगावहून पाचोऱ्यामार्गे भडगावला जाणार आहे, त्यांना सोबत म्हणून.